ताम्हिणी उतरल्यावर: निसर्ग वादळानंतरचे सहा दिवस

शुक्रवार, १२ जून २०२०. पुणे

निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं, त्याला नऊ दिवस झाले होते. पुण्यातून कोकणात मदत निघायला लागली होती आणि तिच्याबरोबर एक चूकही निघाली होती. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी जे बांधलं, तेच लोक पुन्हा बांधत होते. पुरात पाणी खालून येतं. घर चिखलानं भरतं, पण छप्पर बहुतेक वेळा जागेवर राहतं. वादळात छप्परच जातं, आणि वरून जूनचा पाऊस. घरात हातभर कोरडी जागा उरत नाही. म्हणून पुराच्या गाडीत आधी झाडू, फिनाइल, कपडे चढतात, तर वादळाच्या गाडीत ताडपत्री, दोरी आणि झाकणाची बादली आधी चढायला हवी.

लग्नसराई कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये गेली होती, त्यामुळे कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाचा हॉल आम्हाला गोदाम म्हणून मिळाला. जुन्या कपड्यांची गाठोडी दारातूनच परत पाठवली. ती निवडायला चार माणसांचा अख्खा दिवस जातो, आणि गावात पोचल्यावर ती ओली होऊन समाजमंदिराच्या कोपऱ्यात कुजतात. गव्हाच्या पिठाच्या पोत्यांनाही नाही म्हटलं. तो भात खाणारा मुलूख, शिवाय दमट हवेत पिठाला लवकर जाळी धरते.

एका चुलीसाठी, म्हणजे वेगळं शिजवणाऱ्या एका कुटुंबासाठी, धरलेलं सामान असं: तांदूळ १० किलो, तूरडाळ २ किलो, तेल २ लिटर, साखर, मीठ आणि पोहे प्रत्येकी १ किलो, चहा पाव किलो, तिखट-हळद, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, काडेपेट्यांचा पुडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सॅनिटरी पॅड, दोन चटया, दोन चादरी. चटया-चादरी सोडून बाकी सगळं २० लिटरच्या घट्ट झाकणाच्या बादलीत आणि एका जाड पिशवीत. खोक्याला पैसे घालायचे नाहीत. खोकं भिजतं. बादली मात्र पुढे पाणी भरायला किंवा धान्य कोरडं ठेवायला घरात राहते. एका संचाचं वजन २२ किलोच्या आसपास भरतं.

यातला १० किलो तांदूळ पाच माणसांना पाचच दिवस पुरतो, माणशी रोजचे ४०० ग्रॅम धरले तर. तो पुरवठा नव्हे, नुसता पूल आहे. ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे त्यांना त्या महिन्यांत प्राधान्य कुटुंबाचे माणशी ५ किलो आणि वरचे मोफतचे माणशी ५ किलो मिळणार होते. घरातलं भिजलेलं धान्य आणि दुकान उघडण्याचा दिवस यांच्यामधले हे पाच दिवस. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी ३० किलोची पोती वेगळी ठेवली. सगळ्यांना सारखं वाटप केलं की वाद होत नाहीत, हे खरं. पण मग ज्याला काहीच मिळणार नाही तो सहाव्या दिवशी उपाशी, हेही तितकंच खरं.

ताडपत्रीचा हिशेब लोक घराच्या लांबी-रुंदीवर करतात आणि फसतात. १५ फूट रुंद, २० फूट लांब घर घ्या. मधलं आढं, म्हणजे छपराची सगळ्यात वरची तुळई, भिंतीपेक्षा ५ फूट उंच. एका पाख्याची (छपराच्या एका उताराची) तिरकी लांबी ९ फूट, दोन पाख्यांची १८. दोन्ही बाजूंना वळचणीसाठी (भिंतीबाहेर येणाऱ्या कडेसाठी) दीड-दीड फूट धरलं की २१. लांबीतही दोन्हीकडे दीड-दीड, म्हणजे २३. बाजारात सर्रास मिळणारी १८ बाय २४ ची ताडपत्री इथे तीन फूट आखूड पडते, आणि मग लोक ती ताणून बांधतात. ताणलेली ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात रिंगेपाशी फाटते. म्हणून २४ बाय ३० ची, २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घेतली. एक नग साधारण साडेतेरा किलो. ९० जीएसएमची निम्म्याहून कमी पैशांत येते खरी, पण कोकणातल्या पावसात ती महिनाभरही धड राहत नाही. एरवी हा माल रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतो. पेठांमध्ये कंटेनमेंटचे, म्हणजे कोरोनामुळे बंद केलेल्या भागांचे, पत्रे ठोकलेले असल्यामुळे यावेळी ठोक व्यापाऱ्यांच्या शहराबाहेरच्या गोदामांतून उचलावा लागला.

१२० संच आणि १२० ताडपत्र्या मिळून सव्वाचार टन. एक आयशर त्यातच भरली. चेनसॉ, जनरेटर, दोरीची बंडलं, हुक, तार आणि हत्यारं दुसऱ्या पिकअपमध्ये. लॉकडाऊनमध्ये जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास प्रत्येक गाडीचा वेगळा, त्यावर चालकासकट प्रत्येकाचं नाव, सोबत डॉक्टरांचा दाखला. ऐनवेळी माणूस बदलला की पास बाद, म्हणून एका जास्तीच्या चालकाचं नाव आधीच घालून ठेवलं.

शनिवार, १३ जून. चांदणी चौक ते बोर्ली पंचतन

पहाटे साडेचारला निघालो. पिरंगुट, पौड, मुळशी धरण, ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर, माणगाव. वादळानं घाटमाथाही सोडला नव्हता. मुळशीच्या बाजूला वाकलेले विजेचे खांब, उडालेले पत्रे आणि पॉलिहाऊसचे नुसते सांगाडे दिसत होते. पुणे जिल्ह्यातलं हे नुकसान किनाऱ्याच्या बातम्यांखाली झाकलं गेलं.

भरलेली आयशर ताम्हिणी उतरताना दुसऱ्या गिअरवर ठेवायची. ब्रेकवर उतरवली की विळ्याच्या आधीच ब्रेक तापतात. माणगावात तीन कामं उरकून घ्यावीत: डिझेलची टाकी पूर्ण भरणे, पन्नास-शंभरच्या नोटांत रोकड काढणे, आणि घरी शेवटचा फोन. पुढे वीज नाही, म्हणून एटीएम नाही, पंप जनरेटरवर, आणि मोबाइलची रेंज डोंगरावरच्या एखाद्या वळणावर.

माणगावहून मोर्बा, साई, म्हसळा. साईच्या पुढे चित्र पालटतं. रस्त्यावर पडलेली झाडं स्थानिकांनी पहिल्या तीन-चार दिवसांतच कापून बाजूला केली होती. मदतीचं खरं पहिलं काम तेच, आणि ते बाहेरून कोणी येण्याआधी झालेलं असतं. पण कापलेल्या जागेतून फक्त जीप जाईल एवढीच वाट होती. आयशरला दोन ठिकाणी फांद्या छाटून वाट करावी लागली.

श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनच्या अलीकडे एका गावाचं समाजमंदिर स्लॅबचं असल्यामुळे शाबूत होतं. तिथे माल उतरवला. ज्या वाड्यांत काम झालं त्यांची नावं मुद्दाम देत नाही. कुणाच्या घराला छप्पर नव्हतं, हे जगाला सांगायचं की नाही ते त्या घरानं ठरवावं.

उतरवताना एक नियम पाळला, वाटप त्याच दिवशी करायचं नाही. गाडी दिसली की गर्दी होते, आणि गर्दीत पुढे कोण असतो? धडधाकट, ओळखीचा, रस्त्यालगतचा. म्हातारी, बाळंतीण आणि डोंगरावरचा कातकरी शेवटी येतो, तोवर चटया संपलेल्या असतात. माल कुलपात टाकला. एक किल्ली गावच्या महिला बचत गटाकडे, दुसरी आमच्याकडे. नोंदवही एकच: आवक, जावक, शिल्लक.

रविवार, १४ जून. यादी

अख्खा दिवस यादीत गेला. पुण्याहून आलेल्या नव्या मुलांना तो वाया गेल्यासारखा वाटला. पण हाच दिवस चुकला तर पुढचे सगळे चुकतात.

गावात याद्या आधीच असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद. रेशन दुकानाची यादी. अंगणवाडीचं रजिस्टर, त्यात सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा बाया. आशाताईंची वही, त्यात अंथरुणाला खिळलेले, क्षयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले. प्रत्येक यादीत भोक आहे, पण भोकं वेगवेगळ्या जागी आहेत. चारही एकावर एक ठेवल्या की जे कशातच नाहीत ते दिसायला लागतात. दुसऱ्याच्या जागेवर झोपडं असलेला कातकरी नमुना ८ मध्ये नाही. वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) चढणारा गडी भाड्याच्या खोलीत राहतो, त्याचं कार्ड दुसऱ्या तालुक्यातलं. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून परतलेला चाकरमानी गावच्या कुठल्याच कागदावर नाही. आणि मोठ्या चौसोपी घरात एकटी राहणारी आजी, जिची मुलं मुंबईत किंवा आखातात आहेत, ती घराकडे बघून श्रीमंत ठरते. छप्पर तिचंही उडालेलं, आणि वर चढायला घरात कोणी नाही.

मोजायची ती चूल, घर नाही. एका छपराखाली तीन भाऊ वेगळे शिजवत असतील तर तीन चुली. नमुना ८ वर घर एक, रेशनकार्ड कधी एक कधी दोन. प्रश्न सरळ विचारायचा: "मावशी, तुमच्या घरात चुली किती पेटतात?" कुटुंबं किती, असं विचारलं की उत्तर मानापमानात अडकतं.

छपराचं नुकसान तीन खुणांनी नोंदवलं. आढ्यासकट गेलं ते लाल. वासे उभे, पण कौलं किंवा पत्रे गेले ते पिवळं. थोडी कौलं सरकली ते हिरवं. त्याच्या शेजारी दुसरा रकाना: घरात चढून काम करणारा माणूस आहे की नाही. लाल आणि "माणूस नाही" असं दोन्ही असेल तिथे ताडपत्री नुसती द्यायची नाही, बांधून द्यायची. हा दुसरा रकाना बहुतेक याद्यांत नसतो, आणि म्हणून पंधरा दिवसांनी गेलं तरी दिलेली ताडपत्री घडी घातलेल्या अवस्थेत फळीवर दिसते.

संध्याकाळी यादी देवळासमोर मोठ्यानं वाचली, मग समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवली. हरकती सकाळी आठपर्यंत. रात्रीत सात नावं वाढली आणि दोन कमी झाली. कमी करायला त्या दोन घरांनीच सांगितलं. मास्क लावून, अंतर ठेवून वाचन करायचं तर आवाज पोचत नाही, म्हणून प्रत्येक आळीत वेगळं वाचावं लागलं. त्यात दीड तास जास्त गेला.

सोमवार, १५ जून. विहिरी आणि वीज

मान्सून दोन-चार दिवसांपूर्वीच कोकणात उतरला होता. सकाळी पावसाची उघडीप मिळाली, तेवढ्यात विहिरी.

वीज नाही म्हणून पंप नाही, आणि रहाट बहुतेक घरांनी केव्हाच काढून टाकलेले. पाणी डोळ्यांसमोर आहे, वर मात्र येत नाही. ५ केव्हीएचा जनरेटर एक अश्वशक्तीचा पंप आरामात ओढतो. २ केव्हीएचा नुसत्या सुरुवातीच्या झटक्यालाच बसतो, कारण पंप सुरू होताना चालू स्थितीपेक्षा कित्येक पट करंट घेतो. जनरेटर घराच्या बोर्डाला जोडायचा नाही, थेट पंपालाच. बोर्डातून तो उलटा लाइनीवर गेला तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल, आणि तेव्हा प्रत्येक वळणावर वायरमन खांबावर होते. तसंच, पाऊस आला म्हणून जनरेटर पडवीत आत घ्यायचा नाही. धुरानं माणसं झोपेत जातात. बाहेरच चार वाशांवर पत्रा टाकून ठेवायचा. पंप चालू असताना मोबाइल चार्जिंगची पाटीही तिथेच लावली. एका मल्टिप्लगमुळे तीन वाड्यांची खबरबात मिळायला लागली.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडे असते, पण उघड्या पोत्यातली महिन्याभरात निकामी होते. नाकाला झणझणीत वास आला नाही तर ती टाकून द्यावी. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर, तर ३ गुणिले ३ गुणिले ४ गुणिले ०.७८५, म्हणजे २८ घनमीटर, २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या मात्रेनं ७० ग्रॅम. वादळानंतर दुप्पट धरली, १४० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवायची नाही. थोड्या पाण्यात लगदा, मग पाऊण बादली पाणी, ढवळून दहा मिनिटं थांबायचं. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, ती बादली दोरानं विहिरीत सोडून पाण्याखाली वरखाली हलवायची. चुना विहिरीत टाकला तर पाणी जड होतं, बाकी काही साधत नाही. तासभर कोणी उपसायचं नाही. नंतर ओटीचा, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचा, थेंब घालून पिवळा रंग आला तर पाणी पिण्यालायक.

पहिल्या विहिरीत रंग आलाच नाही. दुसऱ्यांदा मात्रा घातली, तरी नाही. कारण तळाशी होतं. वादळात पडलेल्या पोफळीच्या झावळ्या आणि पाला पाण्यात कुजत होता, आणि सगळं क्लोरीन तोच खात होता. गळ टाकून दोन तास पाला काढला, एकदा निम्मं पाणी उपसलं, मग तिसऱ्या मात्रेला रंग धरला. तेव्हापासून क्रम पक्का झाला: आधी गळ, मग उपसा, शेवटी पावडर.

दुपारून वाटप झालं. टोकनचे नंबर, एका वेळी दहा चुली, शंभर मिनिटांत संपलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तसंच असावं. घेणाऱ्यांचे फोटो काढले नाहीत. देणगीदारांना हवी असते ती सहीची वही, ती होती.

मंगळवार, १६ जून. छपरं

रात्रभर पाऊस. सकाळी लाल खुणेच्या घरांपासून सुरुवात.

चक्रीवादळात वारा एका बाजूनं येऊन थांबत नाही. केंद्र सरकेल तशी दिशा बदलते, म्हणून एका पाख्याची कौलं आधी निघाली आणि उघड्या पडलेल्या वाशांखाली वारा शिरून दुसरं पाखं आतून उचललं गेलं. बऱ्याच घरांत भिंती उभ्या, आढं जागेवर, आणि वासे मात्र अंगणात. वासे आढ्यावर नुसते टेकवून एकेका खिळ्यावर उभे होते. छप्पर स्वतःच्या वजनानं बसलेलं असतं असं आपण धरून चालतो. वाऱ्याला ते वजन फार नाही.

ताडपत्री बांधण्याची रीत. आधी फुटकी कौलं आणि वर आलेले खिळे काढायचे. वाशांच्या टोकांना गोणपाट गुंडाळायचं, नाहीतर तिथेच भोक पडतं. ताडपत्री अखंड, आढ्यावरून दोन्हीकडे. रिंगांवर भरवसा ठेवायचा नाही. सुपारीएवढा गुळगुळीत गोटा आतून ताडपत्रीत धरायचा, बाहेरून त्याच्या मानेला दोरीचा फास घालायचा. दर तीन फुटांवर असा एक गोटा. ओढ आली की फास घट्टच होतो, फाटत नाही. दोरी ८ मिलिमीटरची, भिंतीतल्या खिळ्याला न बांधता जमिनीत दोन फूट तिरक्या ठोकलेल्या खुंटीला. शेवटी दोन आडव्या काठ्या वरून बांधायच्या, म्हणजे ताडपत्री फडफडत नाही. फाटते ती फडफडीनं, पावसानं नाही. आणि उतार ठेवायचा. सपाट भागात दोन बादल्या पाणी साचलं की तिथे पोट येतं, पोटात आणखी साचतं, आणि रात्री सगळं एकदम खाली.

आधाराला लाकूड शोधायची गरज नव्हती. वाड्यांत पोफळी आडव्या पडल्या होत्या. जून झालेल्या पोफळीचा बाहेरचा टणक भाग चिरून वासा आणि रीप दोन्ही होतात. मात्र हे एका पावसाळ्यापुरतं. ओल आणि वाळवी त्याला पुढच्या वर्षापर्यंत सोडत नाही.

दुपारनंतर वरची कातकरी वाडी. तिथे ताडपत्री पुरेशी नव्हती, कारण खाली भिंतच नव्हती. कुडाच्या भिंती आडव्या झाल्या होत्या. १२ बाय १५ फुटांच्या खोपटाचा हिशेब तिथेच बसून लावला. आढं भिंतीपेक्षा साडेतीन फूट उंच, म्हणजे उतार ३० अंशांच्या आसपास. यापेक्षा चपट्या छपराला वारा जास्त उचलतो. पाख्याची तिरकी लांबी ७ फूट, वळचण १ फूट, म्हणून ८ फुटी पत्रा. साडेतीन फुटी पत्र्यातला अर्धा फूट शेजारच्या पत्र्यावर चढवायला गेला की ३ फूट उरतात. लांबी वळचणीसकट १७ फूट, एका पाख्याला ६ पत्रे, दोन्ही मिळून १२. हुक शंभर ते एकशेदहा, प्रत्येकाला डांबरी वायसर. हुक पत्र्याच्या उंच पन्हळीवर घालायचा. खोलगट पन्हळीत घातला की पाणी भोकातूनच उतरतं. पत्रे बसवायला पूर्वेकडून सुरुवात करायची, म्हणजे एकावर एक चढलेल्या कडा पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड देत नाहीत. कडेच्या ओळीत हुक दुप्पट. वारा कडेपासूनच सोलायला लागतो.

वासा मेढीला (खांबाला) १० गेजच्या तारेनं आठाच्या आकड्यात बांधून पक्कडीनं पिळायचा. मेढ दोन फूट खड्ड्यात, तळाशी एक आडवी खुंटी ठोकून, म्हणजे ती उपटून येत नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडायचं नाही. वेगळं ठेवलं तर वारा पडवी नेईल, घर सोडेल. वाडीतल्या दोघांनी हे आमच्याआधी सांगितलं. त्यांच्या जुन्या गवती खोपट्यांत पडवी वेगळीच असायची.

वाडीत पहिलं खोपटं उभं राहायला सहा माणसं आणि साडेचार तास लागले. दुसऱ्याला पावणेतीन तास, कारण त्या वेळी हातोडा वाडीतल्या पोरांच्या हातात होता.

तीन धोके सांगायलाच हवेत. फुटलेले सिमेंटचे पत्रे करवतीनं कापायचे नाहीत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पाणी मारून, तोंड बांधून उचलायचे आणि पुरायचे. कौलांच्या ढिगात हात घालण्याआधी काठी घालायची. फुरसं आणि मण्यार दोघांनाही तो ढीग आवडतो. आणि ज्याच्या पायात खिळा गेला त्यानं "काही नाही" म्हणायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

बुधवार, १७ जून. वाड्या आणि कागद

चेनसॉचं काम शेवटी ठेवलं होतं, आणि ते सगळ्यात कमी झालं. माडाचं खोड तंतुमय, त्यात वाळू अडकलेली. वाळूवर पडलेल्या माडाला साखळी लावली की दहा मिनिटांत बोथट. तीन जादा साखळ्या आणि गोल कानस नसेल तर यंत्र पुण्यातच राहू द्यावं. पडलेलं झाड ताणात असतं. खोड खालून लोंबकळत असेल तर आधी दाबल्या गेलेल्या बाजूनं एक-तृतीयांश काप, मग ताणलेल्या बाजूनं. उलट केलं तर करवतीचं पान अडकतं किंवा खोड उसळून अंगावर येतं. तारांवर टेकलेलं झाड वायरमन आल्याशिवाय कुणीही कापू नये.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. इथे सुपारी संशोधन केंद्रही आहे. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हातात यायला सहा ते आठ वर्षं लागतात, म्हणून वाडीवाल्याचं दुःख छपराहून लांबचं. पडलेली माडाची खोडं तशीच कुजू दिली तर त्यांत गेंडा भुंगा वाढतो आणि उरलेल्या माडांच्या शेंड्यांत शिरतो. ती वाडीबाहेर काढायला हवीत. उभ्या राहिलेल्या पोफळीलाही धोका आहे. शेजारची सावली गेल्यामुळे नैर्ऋत्येचं ऊन थेट खोडावर येतं, साल भाजते आणि दोन-तीन वर्षांनी झाड तिथेच मोडतं. पाऊस सरताना त्या बाजूला झाप (विणलेल्या झावळ्या) गुंडाळावेत, नाहीतर चुना लावावा.

कागदाचं काम वाडीपेक्षाही घाईचं होतं. पंचनाम्याला तेव्हा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येत. साफसफाई त्याआधी झाली असेल तर दाखवायला काही उरत नाही. म्हणून आधी फोटो, मग झाडू. फोटोत घराचा मालक उभा असावा आणि मागे ओळखू येईल असं काहीतरी, देऊळ किंवा खांब. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, पासबुक. भिजलेले कागद उन्हात टाकले की शाई उडते. सावलीत, रद्दीच्या पानांमध्ये दाबून वाळवायचे. पासबुकाचं खातं चालू आहे का, हे आधी विचारायचं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या खात्यात पैसे अडकतात.

या वादळासाठी सरकारनं दर वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख, फळबागेला हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,०००, दोन हेक्टरपर्यंत. पण इथली वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी हिशेबानं ५,००० येतात, आणि पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी जाते. पुढे झाडामागे नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर आला. वाडीत मजुरी करणाऱ्याचं, पोफळीवर चढणाऱ्याचं झाड कुठेच नाही. त्याचा हंगाम गेला, पण पंचनाम्यात त्याचा रकाना नाही. निदान आमच्या वहीत तरी तो असावा म्हणून त्या चुलींपुढे वेगळी खूण केली.

चारला निघालो. ताम्हिणीत धुकं आणि रस्त्यावर आलेले दगड, त्यामुळे अंधार पडायच्या आत घाट चढणं गरजेचं होतं. आठच्या सुमारास चांदणी चौक.

नोंदवहीची शिल्लक: संच शून्य, ३० किलोच्या तांदळाची दोन पोती, ताडपत्र्या चौदा. पोती आणि ताडपत्र्या समाजमंदिरात, किल्ली बचत गटाकडे. ज्या ताडपत्र्या पावसात फाटतील त्या बदलायला त्या लागतीलच. पुढच्या शुक्रवारच्या गाडीसाठी गावानं लिहून दिलेली चिठ्ठी अशी: पत्रे आठ फुटी १०८, दहा फुटी नकोत, पायवाटेनं चढवता येत नाहीत. हुक हजार, वायसर तेवढेच. तार १० गेज. दोरी. गळ दोन. तांदूळ नको, दुकान उघडलं.